पोटातल्या बाळाच्या हालचालीचा हिशेब

(ऊसतोडीच्या हंगामाआधी राजारामपुरी, कोल्हापूर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



विषय ऐकून पुढच्या रांगेतले काही भाऊ चुळबूळ करायला लागले आहेत. कापसाचा भाव, विजेचं बिल, सोसायटीचं कर्ज हे सगळं सोडून या बाया पोटातल्या बाळाच्या हालचालीवर काय बोलणार, असं त्यांना वाटत असेल. त्यांनी तंबाखू मळायला बाहेर जाऊ नये. गाडी काढायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे घरात शेवटी तेच ठरवतात. म्हणून आम्ही बायकांपेक्षा त्यांच्याकडे बघून बोलणार आहोत.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, तेव्हापासून आपल्या आंदोलनात बाईच्या कष्टाचा हिशेब मांडायला सुरुवात झाली. पुढे लक्ष्मीमुक्तीत कित्येक भावांनी आपणहून जमिनीचा तुकडा घरधनिणीच्या नावावर केला. जमिनीचा हिशेब झाला, मजुरीचा झाला. पण नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू आठव्या-नवव्या महिन्यात पोटातच गेलं, तर त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. "नशिबात नव्हतं" म्हणतात, रातोरात बांधाकडेला पुरून येतात आणि आठव्या दिवशी बाई पुन्हा कापूस वेचायला जाते. त्या लेकराला नाव नसतं, बारसं नसतं, कुठल्या कागदावर नोंद झाली तर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली अहवाल काढला. त्यात २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे वीस लाख बाळं अठ्ठावीस आठवड्यांनंतर मृत जन्मली असा अंदाज आहे. त्यातली सुमारे तीन लाख चाळीस हजार एकट्या भारतातली. इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. तीन लाख चाळीस हजार गाठी कापूस जळाला असता तर विधानसभा बंद पाडली असती आपण.

आता ही बैठक राजारामपुरीत का? इथं ना कपाशी, ना कोरडवाहू ज्वारी. पण बीड, जालना, परभणीकडची, सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली आपली माणसं दिवाळीच्या पुढेमागे कोयता घेऊन याच जिल्ह्यात उतरतात. कापसाला भाव मिळाला असता आणि ज्वारीत खर्च तरी निघाला असता, तर कोणी हौसेनं उचल घेतली नसती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई पोटुशी असली तरी कोयता अर्धा होत नाही. राजारामपुरीच्या आकड्यांच्या गल्ल्यांतून चालत जा, दवाखान्यांच्या पाट्या एकीवर एक लागलेल्या दिसतील. शहरात सरकारचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ज्याला सगळे सीपीआर म्हणतात. आणि इथून काही कोसांवर उसाच्या फडाशेजारी कोपीत आपली बहीण रात्री पोटावर हात ठेवून पडलेली असते, बाळ हललं का बघत. दवाखाना एवढा जवळ असून तिला तो लांब आहे. का, ते पुढे सांगू.

आम्ही डॉक्टर नाही. जे सांगतो ते डॉक्टर, नर्सबाई, आशाताई यांच्याकडून नीट समजून घेऊन सांगतो, आणि आपल्या भाषेत सांगतो.

बाळ आईला कळण्याच्या बरंच आधी हलायला लागतं. सोनोग्राफीत दुसऱ्या महिन्याच्या शेवटी शेवटी त्याची हालचाल दिसते, पण तेव्हा ते बोटाच्या पेराएवढं. आईला ते लागत नाही. आईला कळतं ते साधारण सोळा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान. आपल्याकडं म्हणतात, पाचव्यात बाळ फिरायला लागतं, ते खरंच आहे. पहिलटकरणीला थोडं उशिरा कळतं, कारण पोटात वारा फिरला की बाळ फिरलं हे तिला ओळखू येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लवकर कळतं. मासोळी सुळकन गेल्यासारखं, पाकोळी फडफडल्यासारखं वाटतं असं बायका सांगतात. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असली तर सुरुवातीला कमी जाणवतं, गोधडीवरून थाप मारल्यासारखं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण चोवीस आठवडे झाले, सहावा महिना सरत आला आणि एकदाही काही लागलं नाही, तर तपासून घ्यायचं.

सातव्या महिन्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमारास, बाळाचा एक रिवाज बसतो. कुणाचं संध्याकाळी दिवे लागले की उठतं, कुणाचं आई आडवी झाली की ढुशा मारतं. बहुतेक बाळं दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त हलतात. बाळ झोपतंही. एका वेळी वीस ते चाळीस मिनिटं, दीड तासाच्या वर सहसा नाही. तेवढ्या वेळात ते हलत नाही आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडं डोहाळजेवण सातव्यात करतात. आमचं म्हणणं एवढंच, की हिरवा चुडा भरला, ओटी भरली, की त्याच दिवसापासून बाळाच्या हालचालीकडं रोज लक्ष द्यायला लागावं. म्हणजे तारीख वेगळी लक्षात ठेवायला नको.

आता सगळ्यात घातक समज. म्हाताऱ्या बायका सांगतात, "दिवस भरत आले की बाळ गप होतं, खाली सरकतं, त्याला जागा उरत नाही." हे खोटं आहे. बत्तीस आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते, आणि मग तेवढीच राहते. कळा सुरू होईपर्यंत, कळा चालू असतानाही बाळ हलतं. फरक पडतो तो हालचालीच्या तऱ्हेत. जागा कमी झाल्यावर मोकळी लाथ मारण्याऐवजी ते कूस बदलतं, रेटतं, अंग ताणतं. पण हालचाल कमी होत नाही. या एका समजापायी किती घरांत आठ-आठ तास, रात्र-रात्र वाट बघितली जाते. म्हातारीचा दोष नाही, तिला कोणी सांगितलं नाही. पण आज इथं बसलेल्या प्रत्येकानं घरी जाऊन सासूला, आईला, चुलतीला ही गोष्ट सांगायची.

बाळ हलायचं कमी का होतं? तुम्ही कोरडवाहूवाले, तुम्हाला हे डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. पावसानं ताण दिला, जमिनीत ओल तुटली, की ज्वारी काय करते? पानाची सुरळी करते. कपाशी काय करते? पाते गाळते, बोंडं गाळते. झाड मेलेलं नसतं, पण जगण्यापुरतं राखून बाकीचा खर्च बंद करतं. बाळाचं तसंच आहे. त्याला रक्त, हवा, अन्न सगळं वारेतून नाळेनं येतं. आईचं रक्त कमी आहे, रक्तदाब चढला आहे, साखर वाढली आहे, वार नीट काम करत नाही, किंवा आई मिश्री लावते, तंबाखू खाते, अशानं तो पुरवठा तुटू शकतो. मग बाळाची वाढ मंदावते, असेल तेवढं रक्त ते मेंदूकडं आणि काळजाकडं वळवतं आणि हातपाय हलवणं कमी करतं. सुरळी झालेलं पान बघून तुम्ही विहिरीकडं धावता. हेही तसंच चिन्ह आहे. फक्त पिकाला पुढच्या पावसापर्यंत दम धरता येतो, बाळाला कधी कधी काही तासच असतात.

मिश्रीचं नाव घेतलं म्हणून बहिणी हसू लागल्या. हसू नका. मुंबईत गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या बायकांत बाळ मृत जन्मण्याचं प्रमाण न लावणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. आणि फवारणीचं काय बोलायचं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले. धडधाकट गडी जिथं मेला, त्या कपाशीत पोटुशी बाई दुसऱ्या दिवशी निंदायला जाते. तिला फवारलेल्या रानात पाठवायचं नाही, औषधाचे डबे, पंप, फवारणीचे कपडे धुवायला लावायचे नाहीत. हा निर्णय मालकाचा आणि नवऱ्याचा आहे.

मोजायचं कसं? वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९७६ साली दहापर्यंत मोजायची रीत निघाली. सकाळपासून बारा तासांत बाळ दहा वेळा हललं पाहिजे, असा तो हिशेब. आपल्याकडं बरेच डॉक्टर तिन्ही जेवणांनंतर एकेक तास मोजायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी, नर्सबाईंनी जी रीत सांगितली असेल ती धरा. पण फडात, वेचणीला जाणाऱ्या बाईला घड्याळ लावून बसायला सवड कुठं? चालत्या, वाकत्या बाईला बाळाची हालचाल कळतही नाही. ओटीत पंधरा किलो कापूस, लक्ष बोंडाकडं. म्हणून आम्ही सांगतो ते असं. रोज रात्री जेवण झाल्यावर, भांडी दुसऱ्या कुणाकडं देऊन, बाईनं कुशीवर आडवं व्हायचं. डावी कूस चांगली. वाटीत ज्वारीचे दहा दाणे घ्यायचे. बाळ हललं, लाथ मारली, कूस बदलली, की एक दाणा बाहेर. सलग वळवळलं तर तो एकच धरायचा. उचक्या धरायच्या नाहीत. त्या ठेक्यात लागतात, ओळखू येतात. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात वाटी रिकामी होते. दोन तास झाले आणि वाटीत दाणे उरले, तर दवाखान्यात जायचं. सकाळी नाही, तेव्हाच.

आणि रोज संध्याकाळी उड्या मारणारं बाळ आज दुपारपासून हललंच नाही, हे आईला कळलंच असेल, तर दाणे मोजत दोन तास घालवायचेही नाहीत.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण आपण लोकांना खोटी औषधं विकत नाही. मोजण्याचा आकडा हा तावीज नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडकडं चार लाखांवर गरोदरपणांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. आयांना हालचालीबद्दल सावध करून आणि कमी झाली की ठरलेल्या पद्धतीनं तपासून मृत जन्म नक्की कमी होतात, असं त्यातून सिद्ध झालं नाही. म्हणून हल्ली डॉक्टर म्हणतात, दहाच्या आकड्यापेक्षा आपल्या बाळाचा रिवाज ओळखणं मोठं. मग दाणे कशाला? आमचं मत असं: कापूस केंद्रावर नेताना आपण घरी वजन करून नेतो. का? काट्यावरचा माणूस "एवढाच भरला" म्हणाला की तोंड उघडायला आपल्याकडं आपला आकडा असावा म्हणून. दवाखान्याच्या दारात सुनेला "मनाचे खेळ आहेत, जा घरी" असं कोणी म्हणालं, तर "दोन तासांत चारच वेळा हललं, काल वीस मिनिटांत दहा झाली होती" हे तिला सांगता आलं पाहिजे. आकडा सांगणाऱ्या बाईला परत पाठवणं जड जातं. आणि त्या निमित्तानं सून रोज तासभर आडवी होते, हाही फायदाच.

हालचाल कमी झाली म्हणजे बाळ गेलंच असं नाही. एकदा कमी झाली म्हणून दवाखान्यात गेलेल्या दहांपैकी सात बायकांचं पुढं सगळं सुखरूप होतं. फेरी फुकट गेली म्हणून तिला बोल लावायचा नाही. पण उलट बाजूनं बघा. ज्यांची बाळं पोटात गेली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आयांना आधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलं होतं. म्हणजे निरोप आला होता. तो घेऊन निघायला कोणी नव्हतं.

दवाखान्यात काय करतात तेही माहीत असू द्या. आधी बाळाचे ठोके ऐकतात. मग पोटाला पट्टा लावून वीसेक मिनिटं ठोक्यांचा आलेख काढतात. बाळ हललं की ठोके वाढले पाहिजेत, वाढले तर ते सध्या ठीक आहे. गरज पडली तर सोनोग्राफीत वाढ, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह बघतात. नुसते ठोके लागले म्हणून काम संपत नाही. आईचा रक्तदाब बघितला का, लघवी तपासली का, पोट मापलं का, हे विचारायचं. परवा आली होती आणि आज पुन्हा हालचाल कमी झाली, तर पुन्हा जायचं, लाजायचं नाही. दुसऱ्यांदा कमी होणं हे पहिल्यापेक्षा जास्त गंभीर धरतात.

घरगुती उपाय म्हणून गार पाणी प्यायचं, गूळ खायचा, पोट हलवायचं, हे सगळे करतात. खा गूळ, कोण नको म्हणतं. पण गुळानं बाळ एकदा हललं म्हणून झोपी जाऊ नका. आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना उताणं झोपू नये, कुशीवर झोपावं; उताणं झोपल्यानं पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि बाळाकडं रक्त कमी जातं.

उजवीकडं हललं तर मुलगा, डावीकडं तर मुलगी, असंही सांगतात. बाळ पोटात कसं वळलं आहे त्यावर लाथ कुठं बसते ते ठरतं, दुसरं काही नाही. हे बोलावं लागतं, कारण आपण ज्या जिल्ह्यात बसलोय तिथं २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली निघाल्या. उसाचा पैसा, सोनोग्राफीची यंत्रं, सगळं असून. पुढे २०१० च्या सुमारास इथले तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायला लावलं, ते सगळ्या देशात गाजलं. लिंग तपासणीविरुद्धचा देशाचा कायदा १९९४ चा. तेव्हा सोनोग्राफी करायची ती बाळ बरं आहे का हे बघायला, एवढं बोलून हा विषय सोडतो.

आता पुन्हा फडावर. बायकांना हे सगळं सांगितलं की त्या ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात: "खाडा पडला तर?" पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर नेऊन गाडीत भरायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. बाई दवाखान्यात गेली तर नवरा एकटा कोयता चालवू शकत नाही, म्हणून दोघांचा खाडा. या भीतीनं बायकांनी काय काय सोसलं ते २०१९ साली बीडच्या गर्भपिशव्यांच्या चौकशीत बाहेर आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. जिथं पाळी म्हणजे खाडा, तिथं "बाळ आज कमी हलतंय" म्हणून रजा कोण देणार? दवाखाना लांब असतो तो इथं.

सरकारच्या सोयी आहेत, त्या वापरून घ्यायच्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, नेण्या-आणण्याची गाडी हे गरोदर बाईला फुकट आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर बायकांची तपासणी होते. गरोदर बाईसाठी १०२, तातडीसाठी १०८ ला फोन करायचा. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गावच्या आशाताईनं दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालूनच निघायचं. ते गावात पेटीत ठेवून यायचं नाही. बीडचं कार्ड कोल्हापुरात चालत नाही असं कोणी म्हणालं, तर आम्हाला कळवा, आम्ही दवाखान्यात येऊन बसतो.

पण सोयीपर्यंत पोचायला एक दिवस सुटावा लागतो. म्हणून जिल्हा बैठकांपुढं आमचं मागणं असं आहे. हंगामाची उचल ठरते तेव्हाच मुकादमाकडून कागदावर लिहून घ्यायचं, की गरोदर बाई तपासणीला किंवा हालचाल कमी झाली म्हणून दवाखान्यात गेली, तर त्या दिवसाचा खाडा तिचाही नाही आणि नवऱ्याचाही नाही. सातवा महिना लागलेल्या बाईनं मोळी उचलायची नाही. प्रत्येक टोळीत रात्री-अपरात्री निघेल अशी एक गाडी आणि तिच्या चालकाचा नंबर आधी ठरलेला असावा. गावातल्या कापूस उत्पादकांनीही आपल्या वेचणीवाल्या बायकांना हेच लागू करायचं. मुकादमाकडून मागायचं आणि आपल्या रानात द्यायचं नाही, असं चालणार नाही.

दसऱ्याच्या आत प्रत्येक गावानं यादी करावी: कुठल्या घरची सून, कितवा महिना, कुठल्या कारखान्याच्या टोळीत जाणार. नावं तिची परवानगी घेऊनच लिहायची. यादी जिल्हा बैठकीत द्या. इथल्या बहिणी त्या त्या फडावर जाऊन तिला भेटतील, जवळचा दवाखाना दाखवतील. ज्वारीचे दाणे तेवढे घरून बांधून द्या, फडावर आता सगळीकडं रेशनचा तांदूळच असतो.